बाथरूमच्या साध्या आरशाला घरच्या घरी लाकडी चौकट: मापापासून टांगण्यापर्यंत

चार पट्ट्या, चार कोपरे, मागे पाठ. बेसिनवरच्या आरशाला चौकट करणं हे हातात पहिल्यांदा करवत धरणाऱ्यालाही जमण्यासारखं काम आहे. हॉलमधल्या फोटोच्या चौकटीपेक्षा यात एकच गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे पाणी. तोंड धुताना उडालेले थेंब काचेवरून ओघळतात, खालच्या पट्टीवर येऊन थांबतात आणि काच-लाकडाच्या फटीतून आत शिरतात. आरशाच्या पाठीला चांदीचा पातळ थर असतो आणि तो झाकायला रंग असतो, पण काचेची कापलेली कड उघडीच राहते. ओल तिथून आत गेली की चांदी काळी पडायला लागते. खालच्या कडेने वर चढणारे काळे डाग असे येतात आणि ते पुसून जात नाहीत. त्यामुळे या कामातला निम्मा विचार खालच्या पट्टीचा करायचा असतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असतो, तिथे तर जास्तच.

आधी आरसा खाली उतरवा

बहुतेक घरांत आरसा चार कोपऱ्यांना भोकं पाडून, चकचकीत टोप्यांच्या स्क्रूंनी बसवलेला असतो. टोप्या उलट्या फिरवून काढा, मग आतले स्क्रू काढा. खालचे आधी आणि वरचे शेवटी काढा. दुसऱ्या माणसाने आरसा दोन्ही हातांनी धरून ठेवायचा. आरसा सिलिकॉनने किंवा दुहेरी टेपने चिकटवलेला असेल तर समोरून काचेवर चिकटपट्टीची मोठी फुली मारा, हेअर ड्रायरने कड गरम करा आणि मागून मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी पुढे-मागे ओढत न्या. पटाशी किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की काच हमखास तडकते. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा.

आता भोकं बघा. ती कडेपासून साधारण २० ते २५ मिमी आत असतात आणि चौकटीचा ओठ, म्हणजे काचेवर पुढून येणारा भाग, फक्त १० मिमी धरलेला आहे. भोकं उघडी दिसणार. यावर दोन उपाय आहेत: काचेच्या दुकानातून भोकांची कड कापून आरसा लहान करून घ्या किंवा नवा, बिनभोकाचा आरसा आणा. नवा आणताना ४ मिमी जाडीचा, कडा पॉलिश केलेला मागा. कडांना आधीच काळे डाग असतील तर जुन्यावर मेहनत घालवू नका, डाग पसरत जातात. टफन्ड काचेचा आरसा मात्र कापता येत नाही, दुकानदार एका नजरेत सांगेल.

माप

इथलं सगळं गणित १८ × २४ इंची, म्हणजे ४५७ × ६१० मिमीच्या, ४ मिमी जाड आणि उभ्या लावायच्या आरशाचं आहे. तुमचा आरसा वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत तीच. आरसा तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये आणि खाली, आणि त्यातलं मोठं माप धरा. दुकानातून कापून आलेली काच नेहमी गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतेच असं नाही.

काचेभोवती चारी बाजूंनी २ मिमी मोकळीक हवी. लाकूड पावसाळ्यात फुगतं. काच घट्ट कोंबलेली असली तर ती फुटते. म्हणून आतल्या खाचेचं, म्हणजे काच जिथे बसते त्या जागेचं, माप ४६१ × ६१४. ओठ १० मिमी, म्हणजे समोरून दिसणारी खिडकी ४४१ × ५९४. पट्टी ५० मिमी रुंद धरली की चौकटीचं बाहेरचं माप ५४१ × ६९४ येतं.

खाच पाडायला राउटर किंवा खास रंधा लागतो, नवख्याकडे तो नसतो. म्हणून चौकट दोन थरांत करायची. पुढचा थर ५० मिमी रुंद, मागचा ४० मिमी रुंद, दोन्ही १२ मिमी जाड. मागचा थर बाहेरच्या कडेशी जुळवून चिकटवला की आत १० मिमीची खाच आपोआप तयार होते. यात आणखी एक फायदा आहे. पुढे ४५ अंशांचे काप आणि मागे सरळ जोड घेतले तर मागची पट्टी पुढच्या जोडावरून आडवी जाते आणि कोपरा फार मजबूत होतो. नुसत्या ४५ अंशांच्या जोडाला लाकडाच्या कापलेल्या टोकांवर फेविकॉल लागतं, ते टोक ते शोषून घेतं आणि जोड कोरडा राहतो.

कापायच्या पट्ट्या अशा:

पुढचा थर, ५० × १२ मिमी, दोन्ही टोकं ४५ अंशांत, लांबी बाहेरच्या कडेने मोजायची: ६९४ च्या दोन, ५४१ च्या दोन.
मागचा थर, ४० × १२ मिमी, टोकं सरळ: ५४१ च्या दोन आडव्या, ६१४ च्या दोन उभ्या.

मागच्या आडव्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या ठेवल्यात ते मुद्दाम. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकाने. अशी मांडणी केली की मागच्या थराची टोकं बाजूला येतात, खाली ओघळ जमतो तिथे येत नाहीत.

पुढच्या थराची एकूण लांबी २४७० मिमी होते आणि ८ फुटी पट्टी असते २४३८ मिमीची, त्यामुळे एका पट्टीत काम होत नाही. ५ फुटी दोन घ्या. प्रत्येकीतून एक उभी, एक आडवी निघते आणि चुकलेल्या कापासाठी थोडं उरतंही. मागचा थर ८ फुटी एका पट्टीत बसतो. लाकडाच्या दुकानात मापं इंच आणि सुतात चालतात: ८ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे ३ मिमीला किंचित जास्त. १२ मिमी हवं असेल तर ‘रंधा मारून चार सूत’ म्हणा. जाडी थोडी जास्त-कमी आली तर चालेल, पण चारही पट्ट्यांची सारखी हवी.

कोणतं लाकूड

सागवान मिळालं तर दुसरं शोधू नका. ते कमी फुगतं आणि त्यात नैसर्गिक तेल असतं. नवं घ्यायची गरजही नाही. जुन्या दारं-खिडक्यांच्या चौकटींचं सागवान पूर्ण वाळलेलं असतं आणि आकुंचन पावायचं ते आधीच पावलेलं असतं. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोडचा लाकूडबाजार, बाकी गावांत जुनं सामान विकणारे यांच्याकडे विचारा. फक्त चिरून घेण्याआधी प्रत्येक खिळा काढा, नाहीतर गिरणीवाला हात लावणार नाही. कोकणात-गोव्यात फणसाचं लाकूडही चांगलं चालतं.

पॅकिंगचं पाइन स्वस्त आणि कापायला सोपं, पण ते ओल पटकन घेतं. रंग लावायचाच असेल आणि बाथरूमला खिडकी असेल तरच घ्या. आंब्याच्या लाकडाला कीड लागते. एमडीएफ बाथरूममध्ये नकोच. त्यात पाणी शिरलं की कड फुगून पोह्यासारखी भुसभुशीत होते आणि ती पुन्हा बसत नाही. मागच्या थराला १२ मिमी मरीन प्लाय चालेल, शिक्क्यावर आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) असलेला. आयएस ३०३ चा एमआर ग्रेड प्लाय घराच्या कोरड्या भागासाठी असतो, दुकानदार ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणाला तरी शिक्का वाचा.

पावसाळ्यात आणलेली पट्टी लगेच कापू नका. घरात, हवा लागेल अशी, खाली-वर टेकू देऊन दोनेक आठवडे ठेवा. ओलं लाकूड नंतर रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे सप्टेंबरात घट्ट बसलेला कोपरा मार्च-एप्रिलमध्ये आतल्या टोकाला उघडतो. उलट, उन्हाळ्यात केलेल्या चौकटीचा कोपरा पावसात बाहेरच्या टोकाला उघडू बघतो. कोपरा कुठल्या बाजूने उघडला यावरून लाकूड सुकलंय की फुगलंय ते कळतं. विकत घेताना पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघा. थोडा बाक स्क्रूने सरळ होतो, पीळ असेल तर ती पट्टी परत ठेवा.

बाकीचं सामान

फेविकॉल मरीन (साधं पांढरं ओलीत सुटतं), स्टेनलेस स्टीलचे १९ मिमी म्हणजे पाऊण इंची स्क्रू ३० (२० चौकटीला, १० मागच्या वॉशरना), पाठीसाठी ३ मिमीचा सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी प्लॅस्टिकची पाटी (फ्लेक्स-बॅनरवाल्यांकडे तुकडा मिळतो), ५ मिमी जाडीचं रबर, रुंद वॉशर, डी-हुक (टांगायच्या डी आकाराच्या कड्या) दोन, पॉलिश पेपर १२०, १८० आणि ३२० नंबरचे, न्यूट्रल सिलिकॉनची एक ट्यूब आणि गन. हत्यारांत बारीक दातांची करवत, माइटर बॉक्स (ठरलेल्या कोनात कापायला खाचा असलेली पेटी), गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), टेप, ड्रिल.

लोखंडी स्क्रू का नकोत? सागवानात ओल आणि लोखंड एकत्र आलं की स्क्रूभोवती निळसर काळा डाग पसरतो, पॉलिशच्या आतून दिसतो. सिलिकॉनचंही तसंच. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन आरशाजवळ वापरू नका, त्यातलं आम्ल आरशाच्या पाठीला खातं. ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलं बघून घ्या.

कापणं

कापण्याआधी पुढच्या थराच्या सगळ्या पट्ट्यांची आतली पुढची धार रंध्याने किंवा पॉलिश पेपर गुंडाळलेल्या ठोकळ्याने ३ मिमी तिरकी मारून घ्या. खालच्या पट्टीवर ही तिरकी धार पाणी पुढे ढकलते, आत थांबू देत नाही. गरज फक्त खाली असली तरी चारही पट्ट्यांना मारा, नाहीतर कोपऱ्यात दोन धारा जुळणार नाहीत.

माइटर बॉक्समध्ये पट्टी आडवी, सपाट बसायला हवी. विकत घेताना ५० मिमीची पट्टी आत मावते का ते पाहा. पट्टी बॉक्सच्या भिंतीला क्लॅम्पने धरा. हाताने धरलेली पट्टी करवतीच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी सरकते आणि काप वाकडा जातो. रेषेच्या बाहेर, एक मिमी जास्त ठेवून कापा, मग पॉलिश पेपरवर घासून रेषेपर्यंत आणा.

इथे आकड्यांपेक्षा जोडी महत्त्वाची. ६९४ च्या जागी ६९३ झालं तर काही बिघडत नाही, पण दोन्ही उभ्या पट्ट्या ६९३ च हव्यात. कापल्यावर जोडीच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करा, टोकावरून बोट फिरवा. फरक डोळ्याला दिसला नाही तरी बोटाला लागतो. कोनाची चूक जास्त महाग पडते. प्रत्येक काप अर्धा अंश एकाच बाजूला चुकला तर आठ कापांत ४ अंश होतात. तीन कोपरे घट्ट बसतात आणि चौथ्यात, ५० मिमीच्या पट्टीवर, आतल्या टोकाला किंवा बाहेरच्या टोकाला ५ मिमीची फट राहते. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर दोन काप घेऊन गुण्याशी ताडून बघा. ९० भरले नाहीत तर बॉक्सखाली किंवा पट्टीमागे कागदाची घडी घालून कोन सुधारा.

जोडणं

चिकटवण्यापूर्वी सगळं कोरडंच जुळवून बघा. फरशीवर पुढचा थर पालथा मांडा, चारही कोपरे मिळवा, त्यावर मागचा थर ठेवा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. या मापाला ८८० मिमी यायला हवेत आणि दोन्ही सारखे हवेत. एक मिमीपर्यंत फरक चालतो.

सागवान असेल तर चिकटवायची बाजू थिनर किंवा ॲसिटोनच्या फडक्याने पुसून वाळू द्या. लाकडातलं तेल वर आलेलं असतं, त्यावर फेविकॉल धरत नाही. मग प्रत्येक कोपऱ्याखाली दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा ठेवा. वर्तमानपत्र ठेवलं तर तेही चिकटून बसतं.

पुढच्या थराच्या तिरक्या टोकांना फेविकॉलचा पातळ हात द्या, पाच मिनिटं थांबा, पुन्हा एक हात द्या आणि जुळवा. पहिला हात टोकं पिऊन टाकतात, दुसरा जोड धरतो. बाहेरून सुतळीचा दुहेरी वेढा घाला, त्यात काडी अडकवून पीळ द्या, म्हणजे चारही कोपरे एकदम आवळले जातात. सुतळी कोपऱ्यात रुतू नये म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे घाला. कर्ण पुन्हा मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांवर हलका दाब द्या. हे सगळं फेविकॉल ओलं आहे तोवरच.

दोन तासांनी सुतळी न सोडता मागचा थर चिकटवा, बाहेरच्या कडा जुळवून. २ मिमीच्या ड्रिलने आधी भोक पाडा, खोली १८ मिमीच्या आत ठेवा. ड्रिलवर त्या खुणेला चिकटपट्टीचा झेंडा लावला की अंदाज चुकत नाही. मग १९ मिमीचे स्क्रू, डोकी बुडतील अशी. प्रत्येक कोपऱ्यात दोन: एक पुढच्या जोडरेषेच्या या बाजूला, एक त्या बाजूला. उरलेले पट्ट्यांच्या मध्ये वाटून. खाचेत बाहेर आलेलं फेविकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर तिथे काच सपाट बसणार नाही. रात्रभर हात लावू नका.

सकाळी चौकट फरशीवर उलटी-सुलटी ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा. एक कोपरा २ मिमीपर्यंत उचललेला असेल तर भिंतीवर कळत नाही. त्याहून जास्त पीळ असेल तर काचेवर ताण येईल, मागच्या पट्टीचे स्क्रू सोडून पुन्हा बसवा. कोपऱ्यात केसाएवढी फट असेल तर त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा.

पॉलिश की रंग

१२० ने घासा, मग १८० ने, नेहमी शिरांच्या दिशेने. कोपऱ्यावर आडवे ओरखडे पडतात, तिथे जोडरेषेवर चिकटपट्टी लावून एकेक बाजू घासा.

लाखेचं स्पिरिट पॉलिश बाथरूममध्ये पांढरं पडतं. बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे पारदर्शक पॉलिश घ्या, तीन हात द्या. दोन हातांमध्ये किती तास ठेवायचे ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा, आणि मध्ये ३२० ने हलकं घासून धूळ पुसा. रंग द्यायचा असेल तर लाकडाचा प्रायमर आणि वर इनॅमलचे दोन हात. मुसळधार पावसाच्या दिवशी हे काम काढू नका.

पुढची बाजू सगळेच रंगवतात, मागची सोडून देतात, आणि पाणी मागूनच शिरतं. पाठ, खाच, खालची कड, कापलेली टोकं, सगळीकडे तितकेच हात द्या. टोकांना एक जास्त. ओठाची आतली बाजू, म्हणजे जी काचेला टेकणार, ती चौकटीच्याच गडद रंगात किंवा काळ्यात रंगवा. आरशात त्या बाजूचं प्रतिबिंब दिसतं, कच्चं लाकूड राहिलं तर सगळ्या कडेने पिवळी रेघ दिसत राहते.

आरशाच्या कापलेल्या कडेलाही बारीक ब्रशने तेच पीयू दोनदा लावा, आधी कड कोरड्या फडक्याने पुसून. दुकानात नुकत्याच कापलेल्या कडेला हे सोडू नकाच.

काच बसवणं

पीयू पूर्ण सुकल्यावर, शक्यतो दोन दिवसांनी, चौकट पालथी ठेवा. खालच्या पट्टीच्या खाचेत, दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर, २ मिमी जाडीचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे चिकटवा. काच त्यांच्यावर बसेल, लाकडावर नाही. आरसा ठेवा, पाठ वर.

सनबोर्ड ४५७ × ६१० कापा, वर-खाली १० मिमीची दोन-दोन भोकं पाडा. ५ मिमी रबराचे चौकोन त्याला वीतभर अंतरावर चिकटवा, आरशाला नाही, आणि ती रबराची बाजू खाली करून सनबोर्ड खाचेत ठेवा. काच ४, रबर ५, सनबोर्ड ३, मिळून १२: मागच्या थराशी सपाट. आरसा ५ मिमीचा असेल तर रबर ४ मिमीचं घ्या. आरशामागे राहिलेली ही पोकळी हवा खेळवते. पाठ सिलिकॉनने हवाबंद करायची हौस नको, आत गेलेली ओल मग बाहेर पडत नाही.

कडेने रुंद वॉशर अर्धे सनबोर्डवर, अर्धे लाकडावर येतील असे स्क्रूने लावा, उभ्या बाजूला तीन, आडव्या बाजूला दोन. टेकतील एवढेच आवळा. काच एका बिंदूवर दाबली गेली की ती लगेच फुटत नाही, गीझरचं गरम पाणी उडालं त्या दिवशी फुटते.

टांगणं

चौकटीसह वजन साडेचार ते पाच किलो भरतं. मागे एकच तार बांधून टांगू नका. तार ताणते आणि पट्ट्या आत ओढते. दोन डी-हुक उभ्या पट्ट्यांच्या मागे, वरून १७५ मिमीवर लावा. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे बुश लावा, म्हणजे चौकट भिंतीपासून सुटी राहील आणि टाइलवरून उतरणारं पाणी मागे अडकणार नाही.

चौकटीची खालची कड बेसिनच्या काठापासून किमान ८ इंच वर हवी. आरशाचा मध्य घरातल्या माणसांच्या डोळ्यांच्या मध्यम उंचीला धरा. दोन हुकांवरून आडवी चिकटपट्टी लावून हुकांचे मध्य तिच्यावर खुणा करा, तीच पट्टी काढून लेव्हलने भिंतीवर चिकटवा. माप दुसऱ्यांदा घ्यायचं कामच राहत नाही. नळाच्या किंवा अँगल कॉकच्या सरळ वर आणि स्विचबोर्डच्या सरळ रेषेत भोक पाडू नका, पाइप आणि वायर बहुधा तिथूनच गेलेले असतात.

टाइलमध्ये ड्रिल करताना हॅमर बंद ठेवा, टाइलचा बिट लावा आणि हळू फिरवा. चिकटपट्टीमुळे बिट घसरत नाही. टाइल पार झाल्यावर मागच्या भिंतीत काँक्रीटचा बिट आणि हॅमर चालू करा. हॅमरने सुरुवात केली तर टाइल कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते. कडेपासून इंचभर तरी आत भोक घ्या. ६ मिमीची गिट्टी (स्क्रू धरणारा प्लॅस्टिकचा प्लग), भोकात आधी थोडं सिलिकॉन, मग ४० मिमीचा स्टेनलेस स्क्रू.

चौकट टांगल्यावर शेवटचं काम खालच्या पट्टीचं. काच आणि ओठ जिथे भेटतात तिथे खालच्या सगळ्या लांबीने आणि दोन्ही उभ्या बाजूंना खालून वीतभर पारदर्शक न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ ओढा. दोन्ही बाजूंना आधी चिकटपट्टी लावा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवा, आणि पट्टी लगेच काढा. २४ तास बाथरूममध्ये गरम पाण्याची आंघोळ नको. पुढे आरसा पुसताना फवारा काचेवर न मारता फडक्यावर मारा, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला ॲसिड चौकटीजवळ नेऊ नका. पावसाळा संपला की ही सिलिकॉनची रेघ कुठे सुटली आहे का ते नखाने चाचपा. सुटलेला तुकडा कापून तेवढाच पुन्हा भरता येतो.